एका बिऱ्हाडाची तीन आत्मकथने : कर्वे–जोशी स्नेहाचे एक वाचन

मराठी आत्मचरित्रांचा विचार करताना समीक्षेने दोन सोयीचे कप्पे केलेले आहेत. एका कप्प्यात सार्वजनिक जीवनाची आत्मचरित्रे येतात, दुसऱ्यात कौटुंबिक जीवनाची. पहिल्या कप्प्यात बहुतेक पुरुष आहेत आणि दुसऱ्यात बहुतेक स्त्रिया. ही विभागणी इतकी अंगवळणी पडली आहे की विद्यापीठीय अभ्यासक्रमातही समाजसुधारकांची आत्मचरित्रे एका अभ्यासपत्रिकेत आणि स्त्रियांची आत्मकथने दुसऱ्या अभ्यासपत्रिकेत नेमली जातात. एकाच घरातील माणसांनी लिहिलेली पुस्तके त्यामुळे वर्गात कधी समोरासमोर येत नाहीत. शिवाय मैत्री नावाच्या नात्याला या दोन्ही कप्प्यांत हक्काची जागा उरत नाही. मित्र हा एक तर चळवळीतील सहकारी म्हणून उल्लेखिला जातो, नाही तर 'आप्तेष्ट' या शब्दात विरून जातो.

प्रस्तुत लेखात धोंडो केशव कर्वे यांचे 'आत्मवृत्त' (१९१५), पार्वतीबाई आठवले यांची 'माझी कहाणी' (१९२८) आणि आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांचे 'माझे पुराण' (१९४४) ही तीन पुस्तके एकत्र ठेवून वाचावयाची आहेत. तिन्ही पुस्तकांना जोडणारा माणूस एकच आहे. तो म्हणजे नरहरपंत जोशी. कर्वे यांचे ते मित्र. बाया आणि पार्वतीबाई यांचे ते भाऊ. या तीन पुस्तकांपैकी एकाच्याही मुखपृष्ठावर त्यांचे नाव नाही. परंतु ते नसते तर तिन्ही पुस्तकांचा आशय वेगळा झाला असता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. १८९३ मधील कर्वे यांच्या पुनर्विवाहाचे स्पष्टीकरण सामान्यतः तत्त्वनिष्ठेच्या आधारे दिले जाते. ते चुकीचे नाही. परंतु तत्त्वाच्या आधी तेथे एक स्नेह होता आणि त्या स्नेहाच्या आधी एक सामाईक चूल होती, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

बिऱ्हाड : घर आणि खोली यांच्या मधली जागा

कर्वे मुरुडचे, जोशी देवरुखचे. दोघेही तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिक्षणासाठी कोकणातून मुंबईस आलेल्या तरुणांच्या वाट्याला येणारे जीवन दोघांच्याही वाट्याला आले. अपुरा पैसा, खाजगी शिकवण्या आणि इतरांसमवेत वाटून घेतलेली जागा हे त्याचे स्वरूप. कर्वे १८८४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाले आणि पुढे काही वर्षे मुंबईतच अध्यापन करून त्यांनी संसार चालविला. या काळात दोन्ही मित्रांचे बिऱ्हाड एकत्र होते. कर्वे यांच्या पत्नी राधाबाई तेथे होत्या. नरहरपंतांनी आपली बालविधवा बहीण गोदूबाई हिला तेथे आणले. स्वयंपाकघर ती सांभाळू लागली.

मराठीत 'घर' आणि 'बिऱ्हाड' हे दोन शब्द आपण सरसकट एकमेकांऐवजी वापरतो. पण त्यांत मोठा भेद आहे. घराला कुळाचार असतो, देव्हारा असतो, वडीलधारी माणसे असतात आणि गावाची नजर असते. बिऱ्हाड हे पाठीवर असते. ते मांडता येते, मोडता येते. त्यात कोणी राहावे हे वंशावळीने ठरत नसून गरजेने आणि विश्वासाने ठरते. गावच्या घरात केशवपन केलेल्या विधवेसाठी माजघराच्या अलीकडे येण्याची सोय नव्हती. मुंबईच्या बिऱ्हाडात हीच स्त्री भावाच्या मित्राला रोज जेवू घालीत होती आणि त्या मित्राच्या पत्नीसमवेत दिवस काढीत होती. सुधारणेचे कोणतेही व्याख्यान न होता हे घडत होते, ही गोष्ट महत्त्वाची वाटते. जागेच्या टंचाईने काही सामाजिक बदल घडवले आहेत. त्यांची नोंद आपल्या प्रबोधनाच्या इतिहासात फारशी होत नाही.

येथे एक तुलना सहजच सुचते. याच दशकातील मैत्रीचे सर्वांत गाजलेले उदाहरण टिळक आणि आगरकर यांचे. १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी १०१ दिवस एकत्र काढले. त्या सहवासावर आगरकरांनी पुस्तकही लिहिले. परंतु ही मैत्री तत्त्वाच्या पायावर उभी होती आणि तत्त्वाच्या प्रश्नावरच ती दुभंगली. १८८८ मध्ये 'सुधारक' निघाला, १८९० मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. त्यानंतर १८९१ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांच्या सूचनेवरून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविण्यासाठी आले ते कर्वे. एक मैत्री मोडल्यानंतर त्या संस्थेत रिकाम्या झालेल्या जागी दुसऱ्या, कमी गाजलेल्या मैत्रीतला माणूस येऊन बसावा, हा केवळ योगायोग आहे हे मान्य. परंतु पहिल्या मैत्रीवर आपल्याकडे विपुल लेखन झाले आणि दुसरीवर जवळजवळ नाही. तुटलेल्या मैत्रीला कथानक असते. टिकलेल्या मैत्रीला ते नसते, हे त्याचे एक कारण असावे. टिकणारी मैत्री सांगावयाची म्हणजे रोजच्या व्यवहाराविषयी लिहावे लागते आणि रोजच्या व्यवहाराला आपण वाङ्मयीन मूल्य देत नाही.

मित्राची बहीण

११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. तेथे शिकावयास गेलेली पहिली विधवा म्हणजे गोदूबाई. नरहरपंतांचा हा निर्णय आज वाचताना साधा वाटतो. त्या काळात तो साधा नव्हता. ख्रिस्ती झालेल्या एका विदुषीच्या संस्थेत आपली विधवा बहीण पाठविणे म्हणजे देवरुखच्या घराला आणि तिच्या सासरच्या मंडळींना तोंड देणे होते. त्याखेरीज आणखी एक व्यावहारिक बाजू आहे, तिचा उल्लेख सहसा होत नाही. ती सदनात गेली म्हणजे बिऱ्हाडातील राबते हात कमी झाले. भावाने आपल्या सोयीचा त्याग केला आणि त्याच चुलीवर अवलंबून असलेल्या मित्रानेही तो केला. विधवा बहिणीला घरकामासाठी ठेवून घेणे ही त्या काळातील सर्वमान्य, किंबहुना पुण्यप्रद व्यवस्था होती. ती मोडावी असे दोघा मित्रांना वाटले, यातच त्यांच्या स्नेहाची जात कळते.

१८९० मध्ये शारदा सदन पुण्यास हलले. १८९१ मध्ये राधाबाई गेल्या. मुलगा रघुनाथ त्या वेळी जेमतेम नऊ वर्षांचा होता. त्याच वर्षी कर्वे पुण्यात आले. पुनर्विवाह करावयाचा तर विधवेशीच, ही त्यांची भूमिका होती आणि ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाईंशी त्यांचा विवाह झाला. गोदूबाईंच्या 'आनंदीबाई' झाल्या. नरहरपंत मेहुणे झाले.

या वळणावर समीक्षकाने थोडे थांबावयास हवे. मध्यमवर्गीय मराठी संकेतानुसार मित्राची बहीण ही आपली बहीण असते. हा संकेत वरवर उदात्त आहे. परंतु त्याच्या पोटात संशय दडलेला आहे. कारण परपुरुष आणि परस्त्री यांच्यातील कोणतेही नाते बहीण-भावाच्या साच्यात घातल्याशिवाय समाजाला ते सोसवत नाही. एका बिऱ्हाडात राहिलेल्या मित्राने पत्नीच्या निधनानंतर मित्राच्या विधवा बहिणीशी विवाह केला, या घटनेचा अर्थ त्या काळच्या टीकाकारांना कसाही लावता आला असता. कर्वे यांचे निवेदन या ठिकाणी अत्यंत कोरडे, जवळजवळ हिशेबवहीसारखे आहे. गणिताच्या प्राध्यापकाचा स्वभाव म्हणून आपण तो कोरडेपणा सोडून देतो. परंतु तो बचावही असला पाहिजे. भावनेचा एक शब्द अधिक लिहिला असता तर तत्त्वाचा विवाह प्रेमाचा विवाह ठरला असता, आणि १८९३ च्या महाराष्ट्रात तत्त्वाचा विवाह निदान वादाचा विषय तरी होऊ शकत होता. मुरुडने बहिष्कार घातलाच. गावी आईला आणि भावाला तो सोसावा लागला, याची खंत मात्र 'आत्मवृत्ता'तील संयत भाषेलाही झाकता आलेली नाही.

वृत्त, पुराण, कहाणी

तिन्ही पुस्तकांची शीर्षके शेजारी ठेवली तर एक मौज दिसते. कर्वे यांनी 'वृत्त' लिहिले. वृत्त म्हणजे घडले तसे कळविणे; त्यात निवेदक जबाबदार असतो आणि वाचक हा जणू संस्थेचा सभासद असतो. पार्वतीबाईंनी 'कहाणी' सांगितली. कहाणी व्रताची असते, ती बायकांनी बायकांना सांगावयाची असते आणि ऐकणारीने वसा घ्यावा असा तिचा हेतू असतो. बायांनी 'पुराण' लावले. आपल्या बोलण्यात 'पुराण लावणे' म्हणजे दुसऱ्याला कंटाळा येईल याची पर्वा न करता बोलत राहणे. सून कावेरी कर्वे यांनी संपादित केलेल्या या पुस्तकाने आपल्या शीर्षकातच वाचकाला हसत बजावले आहे, की आता माझी पाळी आहे.

बायांची पाळी उशिरा आली, ही गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. 'आत्मवृत्त' आणि 'माझे पुराण' यांच्या प्रकाशनात २९ वर्षांचे अंतर आहे. एवढ्या काळात कर्वे हे नाव संस्थेशी एकरूप झाले होते. अनाथ बालिकाश्रम (१८९६), हिंगण्याचे स्थलांतर (१९००), महिला विद्यापीठ (१९१६) हा प्रवास सर्वज्ञात असल्यामुळे येथे त्याचा विस्तार करीत नाही. या प्रवासाची किंमत संसाराने कशी मोजली हे 'पुराणा'त आहे. घरात पैसा आला की तो संस्थेच्या वाटेने जाई, मुले वाढत होती आणि गृहिणीने निभावून न्यावे अशी अपेक्षा होती. बाया तक्रार करतात. पण ती तक्रार नवऱ्याच्या ध्येयाविरुद्ध नसून आपल्याला न विचारण्याविरुद्ध आहे. आत्मवृत्तातील 'मी' जेथे त्याग म्हणतो, तेथे पुराणातील 'मी' डब्यात किती उरले आहे ते पाहते. दोघेही खरे बोलत आहेत. एकट्या आत्मवृत्तावरून कर्वे यांचे चरित्र शिकविणारा अध्यापक विद्यार्थ्याला अर्धाच संसार दाखवितो.

यापेक्षाही तीव्र विसंगती दोन बहिणींच्या बाबतीत आहे. विधवांच्या शिक्षणाचे काम समाजाने स्वीकारावे म्हणून कर्वे यांनी ते पुनर्विवाहाच्या चळवळीपासून वेगळे ठेवले. पालकांचा आणि देणगीदारांचा विश्वास टिकविण्यासाठी हे आवश्यक होते असे मानले तरी त्याचा परिणाम काय झाला? जिच्या पुनर्विवाहाने कर्वे यांचे सार्वजनिक जीवन सुरू झाले, ती पत्नी पुनर्विवाहित म्हणून आश्रमासाठी अडचणीची ठरली. उलट तिची धाकटी बहीण पार्वतीबाई, केशवपन केलेली आणि विधवावेषात वावरणारी, आश्रमाची सर्वांत विश्वासार्ह प्रतिनिधी ठरली. गावोगाव हिंडून तिने आश्रमासाठी निधी जमविला. १९१२ मध्ये विधवावेषाचा त्याग केला. १९१८ मध्ये अमेरिकेस जाऊन दोन वर्षे काढली. एकाच आईच्या पोटच्या दोन मुली. एकीने वैधव्य टाकले म्हणून ती बाहेर राहिली, दुसरीने ते अंगावर वागविले म्हणून तिला दार उघडले. आपल्या सुधारणावादी चरित्रग्रंथांनी हा प्रसंग धोरणाच्या यशाचा म्हणून सांगितला आहे. 'माझे पुराण' वाचल्यानंतर तो तितका निर्भेळपणे सांगता येत नाही.

आणि तरीही स्नेह तुटला नाही. बहिष्कार, टंचाई, संस्थेचा हट्ट, बहिणीची बोच या सर्वांतून देवरुखचे जोशी आणि मुरुडचे कर्वे यांचा संबंध टिकून राहिला. नरहरपंतांची एक बहीण कर्वे यांच्या संसारात आणि दुसरी त्यांच्या संस्थेत राहिली. मैत्री येथे नात्यात रूपांतरित झाली असे आपण म्हणतो. परंतु त्याची उलट बाजूही तितकीच खरी आहे. 'मेहुणा' हा शब्द आला आणि त्याने 'मित्र' हा शब्द गिळून टाकला. पुढील चरित्रकारांनी नरहरपंतांना 'बायांचे बंधू' म्हणून एका ओळीत स्थान दिले आणि ते पुढे गेले.

या मैत्रीची मर्यादाही सांगितली पाहिजे. दोघेही एकाच जातीचे होते. सामाईक चूल शक्य झाली ती त्यामुळे. पहिल्यापासून ज्यांना परस्परांच्या ताटाची भीती नव्हती, त्यांनीच वैधव्याची रेघ ओलांडली. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केल्यानंतरच्या काळात हे घडत होते, हे लक्षात घेतले म्हणजे या बिऱ्हाडाच्या भिंती कोठे होत्या ते स्पष्ट होते. कर्वे यांच्या कार्याचे मोल याने कमी होत नाही. मात्र 'स्नेह सर्व भेद ओलांडतो' असे जे गोड विधान गौरवग्रंथांतून आढळते, त्याला या तीन पुस्तकांतून आधार मिळत नाही.

राहता राहिल्या राधाबाई. आठव्या वर्षी त्यांचे लग्न झाले, त्या मुंबईच्या त्या बिऱ्हाडात राहिल्या आणि १८९१ मध्ये गेल्या. त्यांचे वृत्त नाही, पुराण नाही, कहाणी नाही. नवऱ्याच्या पुस्तकातील मोजकी पाने सोडली तर त्यांच्याविषयी सांगू शकणारी साक्षीदार एकच उरते. एका चुलीशी त्यांच्याबरोबर बसलेली, पुढे त्यांच्याच जागी आलेली आणि त्यांच्या मुलाला वाढविणारी गोदूबाई. दोन मित्रांच्या स्नेहाचा शोध घेताना त्याच बिऱ्हाडातील या दोन स्त्रियांच्या सोबतीकडे अभ्यासकाचे लक्ष गेले, तर 'माझे पुराण'मधील सुरुवातीची पाने पुन्हा वाचावी लागतील.