'शालापत्रका'चा अंत : एक पुनर्विचार

मराठी नियतकालिकांच्या इतिहासात 'शालापत्रक' या मासिकाचा शेवट ख्रिस्ती वाचकाने विशेष लक्षपूर्वक अभ्यासावा असा आहे. शिक्षणखात्याच्या आश्रयाने चालणाऱ्या या मासिकाचे संपादन कृष्णशास्त्री चिपळूणकर यांच्याकडे होते. 1868 पासून त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री त्यात लिहू लागले. कालिदास, भवभूती, बाण, सुबंधू व दंडी यांच्यावरील त्यांचे विवेचक निबंध याच मासिकातून प्रसिद्ध झाले. परंतु त्याच लेखणीने मिशनऱ्यांचा धर्मप्रसार व सरकारी धोरण यांवर प्रखर टीका आरंभिली, आणि 1875 साली सरकारने मासिक बंद केले.

सरकारी खर्चाने शिक्षकांसाठी निघणाऱ्या मासिकात एका धर्माच्या प्रचारकांवर प्रहार व्हावेत काय, हा आक्षेप निराधार नव्हे. विष्णुशास्त्र्यांच्या टीकेत उपहास अधिक आणि तोलून पाहण्याची वृत्ती कमी, हेही मान्य करावे लागते. जोतीराव फुले यांच्या लेखनाचा समाचार घेताना त्यांनी भाषेचे दोष काढले. त्यामागील वेदना मात्र त्यांना ऐकू आली नाही. तथापि, आपल्या बाजूनेही हिंदू शास्त्रांची खिल्ली उडविली गेली होती. तेव्हा हा रोष निष्कारण होता, असे म्हणता येत नाही.

मग बंदीने साधले काय? टीका थांबली नाही. 1874 च्या जानेवारीत सुरू झालेल्या 'निबंधमाले'तून ती अधिक मोकळेपणाने चालू राहिली आणि मालेचे 84 अंक निघाले. उलट, मिशनरी म्हणजे सरकारचे आश्रित, या आरोपाला सरकारच्याच कृतीने बळ मिळाले. 1857 साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबावा ब्रह्मचारी व मिशनरी यांचे उघड वादविवाद झाले होते. तेथे शब्दाला शब्दाने उत्तर मिळत होते. 1875 साली ते हुकुमाने मिळाले. यांपैकी शुभवर्तमानाला शोभणारा मार्ग कोणता, हे सांगावयास नको.

आमच्या पिरनवाडीशेजारच्या बेळगावात जन्मलेल्या आणि 1854 साली तेथेच बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींनी दुसरा मार्ग दाखविला. विधवांच्या दुःखावर त्यांनी 'यमुनापर्यटन' लिहिले. मराठी समाजाशी ते मराठीतच, ग्रंथांच्या द्वारे बोलले.

आजही श्रद्धेला बोचणारे लिखाण दिसले की बंदीची मागणी करण्याचा मोह होतो. पण राज्यसत्तेचा हात सदैव आपल्याच बाजूस राहत नाही. 2022 साली कर्नाटकात धर्मांतरावर निर्बंध घालणारा कायदा मंजूर झाला, तेव्हा हे आपणांस पुरेसे कळले आहे. आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला सौम्यतेने उत्तर देण्यास सिद्ध असावे, असे पेत्र आपल्या पहिल्या पत्रात सांगतो. विचारणाऱ्याचे तोंड बंद करावे, असे तो सांगत नाही. सेमिनरीतील विद्यार्थ्यांनी विष्णुशास्त्री वाचावेत ते याच सिद्धतेसाठी.