रावेल्लोतलं ‘तू’

दक्षिण इटलीत, अमाल्फीच्या किनाऱ्यावर, समुद्रापासून सुमारे साडेतीनशे मीटर उंचीवर रावेल्लो हे मध्ययुगीन गाव आहे. कॅथीड्रलचे ११७९चे ब्राँझचे दरवाजे, तेराव्या शतकातला व्हिला रूफोलो, आणि १८८०मध्ये त्याच्या बागेत वाग्नरला सापडलेलं ‘पार्सिफाल’मधलं मायावी उद्यान, एवढं प्रवासवर्णनांत हमखास भेटतं. पाहणारा नेहमी वर उभा असतो आणि समुद्र खाली. त्या समुद्रावर पोट भरणारी माणसं मात्र या देखाव्यात क्वचितच दिसतात. ई. एम. फॉर्स्टरच्या ‘द स्टोरी ऑफ अ पॅनिक’मध्ये त्यांच्यापैकी एकजण डोंगर चढून वर येतो.

फॉर्स्टरला ही कथा १९०२च्या मे महिन्यात रावेल्लोजवळ फिरताना सुचली. ती छापून आली १९०४मध्ये. काही इंग्रज पाहुणे गावावरच्या चेस्टनटच्या रानात सहलीला जातात. पॅन हा रानदेव आता मेला, अशी त्यांची चर्चा चालू असतानाच कसलीतरी अनाम भीती सगळ्यांना पळवून लावते. मागे राहतो फक्त यूस्टस हा चौदा वर्षांचा, आळशी, किरकिऱ्या मुलगा. तो परततो तेव्हा पार बदललेला असतो. हे ओळखतो एकटा जेन्नारो: मिनोरीहून आलेला कोळ्याचा पोर, हॉटेलात बदली वेटर.

कथेचा निवेदक स्वतःला समंजस समजणारा इंग्रज गृहस्थ आहे. अख्ख्या गूढ प्रकारात त्याला काय खुपतं? तर जेन्नारो यूस्टसला ‘तू’ म्हणतो, हे. इंग्रजीत हा भेद उरलेला नाही, त्यामुळे फॉर्स्टरला तो निवेदकाच्या तोंडून समजावून सांगावा लागतो. मराठी वाचकाला समजावण्याची गरज नाही. साहेबाच्या मुलाला नोकरानं अरे-तुरे केलं की दिवाणखान्यात काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहे. पण मराठीत एक अडचण उभी राहते. हाच गृहस्थ जेन्नारोला काय म्हणणार? अर्थात ‘तू’च, आणि ते आपल्या कानाला खटकणारही नाही. वरून खाली आलेलं ‘तू’ आपल्याला ऐकूच येत नाही. खालून वर गेलेलं तेवढं उद्धट वाटतं. इंग्रजीनं निवेदकाची ही बाजू झाकली आहे. मराठी अनुवाद ती उघडी पाडील.

फॉर्स्टर निवेदकाची मनसोक्त टर उडवतो. माझा आक्षेप आहे तो शेवटाला. दहा लिरांच्या लालचीनं जेन्नारो यूस्टसला पकडून देतो, मग पस्तावून त्याला सोडवतो, आणि स्वतः कोसळून मरतो. यूस्टस हसत, ओरडत रानात निघून जातो. इंग्रज मुलाची मुक्ती आणि तिची किंमत कोळ्याच्या पोरानं चुकवायची, हा हिशेब निवेदकाचा नाही. कथानकाचा आहे, म्हणजे लेखकाचा. जेन्नारोला मित्राचं मन कळतं, पण जेन्नारोच्या मनात काय आहे ते कथा कधी विचारत नाही. ज्या दृष्टीची फॉर्स्टर थट्टा करतो, तीच त्याच्या रचनेत शिल्लक राहिली आहे.

वीस वर्षांनी, १९२४मध्ये, ‘अ पॅसेज टू इंडिया’ आली. मधल्या काळात फॉर्स्टर देवास थोरली पाती या मराठा संस्थानात महाराजांचा खासगी सचिव होता; तिथे पाहिलेला गोकुळाष्टमीचा उत्सव कादंबरीच्या अखेरच्या भागात आला आहे. या कादंबरीतला अझीझ कुणाच्या मुक्तीसाठी मरत नाही. तो चिडतो, चुकतो, अन्याय करतो, आणि इंग्रज मित्राला तोंडावर सांगतो की तुमचं राज्य जाईपर्यंत आपली मैत्री शक्य नाही. जेन्नारोला नाकारलेलं ते त्याला मिळालं आहे: ‘नाही’ म्हणण्याचा हक्क.

म्हणून ‘पॅनिक’ पॅनसाठी वाचू नये. पॅन तिथं वाऱ्याच्या एका झुळकीपुरता येतो. वाचावी ती मिनोरीहून चढून आलेल्या त्या पोरासाठी, ज्याचं ‘तू’ फॉर्स्टरनं अचूक ऐकलं आणि तरीही त्याला जगू दिलं नाही.