बालसाहित्य पुरस्कारांच्या निवडसमित्या : निकष, मतदान आणि अनुपस्थित वाचक

प्रास्ताविक

साहित्यपुरस्कारांची चर्चा मराठीत बहुधा निकाल जाहीर झाल्यानंतर सुरू होते आणि पुरस्कार कोणाला मिळाला, कोणाला डावलले गेले या प्रश्नांपाशी संपते. निवड कोणत्या निकषांवर झाली, समितीच्या सदस्यांनी कसे वाचले, मतभेदाचे निराकरण कसे झाले, हे मुद्दे क्वचितच समीक्षेचा विषय होतात. बालसाहित्याच्या संदर्भात ही उणीव अधिक गंभीर ठरते. प्रौढांसाठी लिहिलेल्या कादंबरीला पुरस्कार लाभला नाही तरी तिची परीक्षणे प्रसिद्ध होतात, ती अभ्यासक्रमात येते, प्रबंधांचा विषय होते. मुलांच्या पुस्तकाला हे भाग्य अपवादानेच मिळते. अशा अनेक पुस्तकांच्या वाट्याला येणारे एकमेव चिकित्सक वाचन म्हणजे निवडसमितीचे वाचन होय. त्यामुळे समितीचे सदस्यत्व हे मानाचे पद असले तरी मूलतः ते समीक्षेचे काम आहे, आणि त्याची तपासणीही समीक्षेच्या कसोट्यांवर व्हावयास हवी.

या कामात एक अंगभूत अडचण आहे. बालसाहित्याचा लेखक प्रौढ, प्रकाशक प्रौढ, पुस्तक विकत घेणारा पालक प्रौढ आणि परीक्षकही प्रौढच. ज्याच्यासाठी हा सारा व्यवहार चालतो तो वाचक समितीच्या बैठकीत अनुपस्थित असतो. या अनुपस्थित वाचकाचे प्रतिनिधित्व परीक्षकाने कसे करावे, हा प्रस्तुत लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. त्यासाठी अमेरिकेतील न्यूबरी पदक, ब्रिटनमधील कार्नेगी पदक आणि साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार यांचा आधार घेतला आहे.

‘उत्कृष्टता’ या संज्ञेची व्याप्ती

अठराव्या शतकातील इंग्लिश ग्रंथविक्रेते जॉन न्यूबरी यांच्या नावाचे पदक फ्रेडरिक मेल्चर यांच्या सूचनेवरून सुरू झाले व १९२२ मध्ये प्रथम दिले गेले. अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या बालग्रंथालय विभागाकडे त्याचे व्यवस्थापन आहे. भारतीय वाचकाच्या दृष्टीने लक्षणीय बाब अशी की, १९२८ चे पदक बंगालमध्ये जन्मलेल्या व अमेरिकेत स्थायिक झालेल्या धनगोपाल मुखर्जी यांना ‘गे-नेक’ या कबुतराच्या कथेसाठी मिळाले.

या पदकाच्या नियमावलीत आशयाची मांडणी, माहितीची अचूकता व स्पष्टता, कथानकाचा विकास, व्यक्तिचित्रण, वातावरणनिर्मिती आणि शैलीची समर्पकता हे घटक विचारात घेण्यास सांगितले आहे. प्रत्येक पुस्तकात सर्व घटक उत्तम असावेत अशी अपेक्षा नाही. त्या पुस्तकाला जे घटक लागू होतात त्यांत ते सरस असावे. चौदा वर्षांपर्यंतच्या वाचकासाठी केलेल्या सादरीकरणाचा दर्जाही पाहावयाचा असतो. याच नियमावलीतील एक निषेध मात्र अधिक महत्त्वाचा आहे. पदक बोधपर आशयासाठी किंवा लोकप्रियतेसाठी दिले जात नाही.

बोध आणि लोकप्रियता ही बालसाहित्याच्या मूल्यमापनातील दोन सर्वांत सोपी प्रमाणे आहेत. पालक व शिक्षक पहिल्याकडे झुकतात, बाजार दुसऱ्याकडे. दोन्ही बाजूला ठेवल्यावर परीक्षकाला संहितेकडे वळण्यावाचून गत्यंतर उरत नाही. तथापि या निषेधाची किंमतही मोजावी लागते. २००८ मध्ये अनिता सिल्वी यांनी ‘स्कूल लायब्ररी जर्नल’मधील लेखात न्यूबरी पदकाची वाट चुकली आहे काय, असा प्रश्न उपस्थित केला. समितीला भावणारी पुस्तके मुलांपर्यंत पोहोचत नाहीत, हा त्यामागील आक्षेप होता. लोकप्रियता हा निकष नसणे आणि वाचकाचा विसर पडणे या दोन गोष्टींत अंतर आहे; पण समितीच्या हातून ते सहज पुसले जाऊ शकते.

मतदानाची रीत आणि चर्चेची रीत

न्यूबरी समितीत पंधरा सदस्य असतात. ते वर्षभर वाचन करतात, लेखी सूचना व नामांकने देतात आणि अखेरीस बंद दाराआड चर्चा करून मतदान करतात. प्रत्येक सदस्य तीन पसंती नोंदवितो. त्यांना अनुक्रमे चार, तीन व दोन गुण असतात. विजेत्या पुस्तकाला किमान आठ प्रथम पसंती आणि पुढील पुस्तकापेक्षा किमान आठ गुणांची आघाडी लागते. ती न मिळाल्यास पुन्हा चर्चा, पुन्हा मतदान. सात सदस्यांनी प्रथम पसंती दिलेले पुस्तकही त्या फेरीत विजेते ठरू शकत नाही. ज्यांना ते पहिल्या क्रमांकाचे वाटत नाही त्यांच्याशी त्या सातजणांना बोलावेच लागते. गणिताची ही रचना समितीला संवादास भाग पाडते.

एक मर्यादाही येथे पाळली जाते. लेखकाचे पूर्वीचे कार्य किंवा त्याची ज्येष्ठता विचारात घ्यावयाची नसते. त्या वर्षातील पुस्तकाची तुलना त्याच वर्षातील पात्र पुस्तकांशीच होते. ‘आता त्यांना मिळायला हवा’ हा मराठी वाङ्मयव्यवहारात वारंवार ऐकू येणारा युक्तिवाद येथे नियमानेच बाद होतो.

१९५३ चा निर्णय

निवडसमितीच्या वाचनाच्या मर्यादा दाखविण्यासाठी १९५३ चे उदाहरण नेहमी दिले जाते. त्या वर्षी पदक ॲन नोलन क्लार्क यांच्या ‘सीक्रेट ऑफ द अँडीज’ला मिळाले आणि ई. बी. व्हाइट यांचे ‘शार्लट्स वेब’ उपविजेत्यांत राहिले. पुढील सात दशकांत कोळीण आणि डुकराचे पिल्लू यांच्या मैत्रीची ही कथा जगभर वाचली गेली. विजेते पुस्तक तुलनेने विस्मरणात गेले. या उदाहरणावरून समिती चुकली असा निष्कर्ष काढण्याची प्रथा आहे. परंतु असा निष्कर्ष काढणारा समीक्षक नकळत दीर्घकालीन लोकप्रियता हाच अंतिम निकष मानत असतो. समितीपुढे काळाची साक्ष नव्हती. केवळ एका वर्षाची पुस्तके होती.

येथे विचारण्याजोगा प्रश्न वेगळा आहे. समितीने ती निवड कोणत्या कारणांनी केली? चर्चा गोपनीय असल्याने त्याचे उत्तर अधिकृतपणे उपलब्ध नाही. म्हणजे निर्णय इतिहासात उरतो, युक्तिवाद मात्र उरत नाही.

मराठी संदर्भ

साहित्य अकादमीने २०१० पासून चोवीस भाषांत बालसाहित्य पुरस्कार देण्यास प्रारंभ केला. प्रत्येक भाषेसाठी तीन सदस्यांची समिती असते, निर्णय एकमताने अथवा बहुमताने होतो आणि लगतच्या पाच वर्षांत प्रथम प्रकाशित झालेली पुस्तके विचारात घेतली जातात. महाराष्ट्र शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांतही बालवाङ्मयासाठी साहित्यप्रकारनिहाय स्वतंत्र पुरस्कार आहेत. तीन सदस्यांच्या समितीत दोन मते जुळली की निर्णय होतो. पंधरांच्या समितीत चर्चा अपरिहार्य असते. तिघांच्या समितीत ती सदस्यांच्या सद्‌सद्विवेकावर अवलंबून राहते. म्हणूनच लहान समितीत निकषांची स्पष्टता अधिक आवश्यक ठरते.

मराठी परीक्षकापुढे तीन मोह उभे असतात. पहिला मोह संस्काराचा. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ने मराठी बालवाचनाला जे नैतिक अधिष्ठान दिले त्याचे मोल निर्विवाद आहे. परंतु त्या कृतीचे सामर्थ्य कोकणातील दारिद्र्याच्या तपशिलांत, अपराधी मनाच्या प्रामाणिक आठवणींत आहे. केवळ उपदेशात नाही. तिच्या अनुकरणातून आलेला उपदेश तपशिलावाचून कोरडा राहतो. ‘या पुस्तकातून मुलांनी काय घ्यावे’ हा प्रश्न परीक्षकाने प्रथम विचारला, तर भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचे धाडस किंवा विंदा करंदीकरांच्या बालकवितेतील मुक्त कल्पनाविलास त्याच्या हातून निसटण्याचा धोका असतो.

दुसरा मोह प्रौढ साहित्यमूल्यांचा. समित्यांवर महाविद्यालयीन अध्यापकांची नियुक्ती अनेकदा होते आणि ते आपल्या परिचयाची परिभाषा सोबत आणतात. बहुअर्थसूचकता, प्रतीकात्मकता, प्रयोगशीलता ही मूल्ये बालसाहित्याला परकी नाहीत. पण बालकवितेची लय मोठ्याने वाचल्याखेरीज कळत नाही, आणि चित्र व मजकूर यांचे नाते मजकूर वेगळा काढून तपासता येत नाही. २०१४ मध्ये अकादमीचा पुरस्कार लाभलेल्या माधुरी पुरंदरे लेखिकाही आहेत आणि चित्रकारही. त्यांच्या पुस्तकांत शब्द जे सांगत नाहीत ते चित्र सांगते. केवळ वाङ्मयीन प्रशिक्षण घेतलेल्या परीक्षकाला अशा पुस्तकाचा अर्धाच भाग वाचता येतो.

तिसरा मोह ‘सोपी भाषा’ या निकषाचा, आणि तो सर्वांत फसवा आहे. भाषा सोपी, पण कोणासाठी? प्रमाण मराठी घरात ऐकणाऱ्या शहरी मुलाला जी वाक्यरचना सोपी, ती अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी किंवा गोंडी बोलणाऱ्या घरातील मुलाला सोपी असेलच असे नाही. उलट बोलीतील एखादी गोष्ट परीक्षकाला ‘अवघड’ वाटते, कारण ती त्याला अवघड असते. अनुपस्थित वाचकाच्या जागी परीक्षक अशा वेळी स्वतःच्या बालपणाला बसवितो. समितीचा बालक नकळत एका विशिष्ट वर्गाचा व प्रदेशाचा होतो.

अनुपस्थित वाचकाचे प्रतिनिधित्व

मुलांनाच परीक्षक करावे, हा यावरील सोपा तोडगा वाटतो. ब्रिटनमधील कार्नेगी पदकाच्या संदर्भात शाळांतील वाचनगट लघुयादीतील पुस्तके समांतरपणे वाचतात व चर्चा करतात; पदकाचा निर्णय मात्र ग्रंथपालांची समिती घेते. मुलांचे वाचन व समितीचे वाचन शेजारी ठेवले जाते, पण एकाने दुसऱ्याची जागा घेतलेली नसते. हेच कार्नेगी पदक १९४३, १९४५ व १९६६ या वर्षांसाठी कोणालाही दिले गेले नाही, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. पुरस्कार रोखण्याचा अधिकार समितीकडे असणे म्हणजे निकष वर्षाच्या उत्पादनापेक्षा वरचा मानणे होय.

परीक्षकाने मुलाच्या आवडीचा अंदाज बांधू नये. संहितेने मुलाशी कोणते नाते जोडले आहे ते तपासावे. निवेदक मुलाच्या डोक्यावरून मोठ्यांकडे पाहून हसतो काय? मुलाला प्रश्न पडू दिला जातो, की प्रश्नाआधीच उत्तर हाती दिले जाते? भीती, मृत्यू, मत्सर यांसारख्या अनुभवांना सामोरे जाताना लेखक मुलावर विश्वास ठेवतो काय? या प्रश्नांची उत्तरे पुस्तकातच शोधता येतात आणि त्यांवर दोन परीक्षकांना साधार वाद घालता येतो.

निष्कर्ष

मतदानाची गोपनीयता आवश्यक आहे. तिच्यामुळे सदस्य निर्भयपणे मत बदलू शकतो. परंतु मत गोपनीय ठेवणे आणि कारणे अप्रकट ठेवणे या भिन्न गोष्टी आहेत. कोणी कोणाला मत दिले हे न सांगताही समितीला दोन-तीन पृष्ठांचे निवेदन प्रसिद्ध करता येईल. निवडलेल्या पुस्तकाचे गुण, विचारात घेतलेले निकष आणि त्या कालखंडातील बालसाहित्याचे सर्वसाधारण चित्र एवढे त्यात असले तरी पुरे. मराठीत बालसाहित्याची समीक्षा विरळ असताना असे निवेदन संदर्भसाधन ठरेल. समितीत एक सदस्य चित्रभाषेचा जाणकार आणि एक बालवाचकांमध्ये प्रत्यक्ष काम करणारा ग्रंथपाल किंवा शिक्षक असावा, हीदेखील किमान अपेक्षा आहे.

परीक्षक पुस्तकांचे गठ्ठे परत करतो तेव्हा त्याने केलेले वाचनही त्यांच्यासोबत नाहीसे होते. ज्या वाचकाच्या नावाने ते वाचन केले गेले तो बैठकीत नव्हता. निदान त्याच्या पालकांना, शिक्षकांना आणि पुढच्या समितीला त्यातील काही उपलब्ध व्हावे. निकालाबरोबर कारणेही प्रसिद्ध होऊ लागतील तेव्हाच पुरस्कार हा बालसाहित्याच्या समीक्षेचा भाग होईल.