आपला सिगार, दुसऱ्याची खुर्ची : ‘थर्ड प्लेस’ ही कल्पना कुठे अडते

पीएचडी प्रवेशासाठी लिहिलेल्या संशोधन आराखड्यांत ‘थर्ड प्लेस’ हा शब्द हल्ली बराच दिसतो. अभ्यासिका, चहाची टपरी, वाचनालय, मॉलमधलं कॅफे, विषय काहीही असो. घर ही पहिली जागा, कामाचं ठिकाण ही दुसरी आणि ही तिसरी, असं एक वाक्य लिहायचं, रे ओल्डेनबर्ग यांचं नाव घालायचं आणि थेट प्रश्नावलीकडे वळायचं. मूळ पुस्तकाशी भांडण करायला कोणी थांबत नाही. म्हणून आज ते भांडण करू. त्यासाठी एक अगदी बारीक प्रश्न घेतलाय: अमेरिकेतल्या सिगारच्या दुकानात, तिथे बसून ओढायला, स्वतःचा सिगार घेऊन जावं का?

प्रश्न किरकोळ वाटेल. पण एखादी मोठी कल्पना तपासायची असेल तर ती जिथे अगदी चपखल बसते तिथेच तपासलेली बरी. बसतच नाही अशा ठिकाणी ती मोडली तर त्यातून काही कळत नाही.

आधी पुस्तक. ओल्डेनबर्ग हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ, ‘द ग्रेट गुड प्लेस’ हे त्यांचं पुस्तक १९८९ सालचं. त्यांचं म्हणणं असं की अमेरिकेतल्या उपनगरांनी माणसाला घर दिलं, गाडी दिली, पण सहज जाऊन बसायची जागा दिली नाही. इंग्लिश पब, फ्रेंच कॅफे, जर्मन स्थलांतरितांच्या बिअर गार्डन अशी उदाहरणं घेत ते तिसऱ्या जागेची आठ लक्षणं सांगतात. जागा तटस्थ असते, तिथे कोणालाच यजमान व्हावं लागत नाही. लहानमोठेपण दाराबाहेर राहतं. गप्पा हेच मुख्य काम. कधीही जाता येतं. नेहमीची मंडळी असतात. जागा साधी असते. वातावरण खेळीमेळीचं. आणि घरापासून दूर असलेलं घर वाटतं.

आता दुकान पाहू. चांगल्या सिगार दुकानात आत शिरता येईल एवढी एक खोली असते, तिला ह्युमिडॉर म्हणतात. स्पॅनिश सीडरच्या फळ्या आणि साधारण ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता, कारण त्याहून कोरडं झालं की पान तडकतं आणि फार दमट झालं की बुरशी धरते. बाहेरच्या बाजूला चामड्याच्या खुर्च्या, मोठाले अॅशट्रे, टीव्हीवर कुठलातरी सामना. एक सिगार संपायला सहज तासभर लागतो. म्हणजे गिऱ्हाईक एक वस्तू विकत घेतं आणि एक तास जागा वापरतं. खुर्ची, हवा खेचून घेणारी यंत्रणा, कटर, लायटर, अॅशट्रे साफ करणारा माणूस, या सगळ्याचे पैसे त्या एका सिगारच्या किमतीतच धरलेले असतात. आठ लक्षणं लावून बघा, बहुतेक सगळी बसतात. (सिगारच्या धुराचे दुष्परिणाम अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ सालीच एका अख्ख्या ग्रंथात मांडले आहेत. ‘कधीही, कोणालाही जाता येतं’ या लक्षणाला तो धूरही आडवा येतो, पण तो वेगळा लेख होईल.)

आणि इथे एखादा माणूस खिशातून घरचा सिगार काढतो.

याबद्दलची रीत बहुतेक ठिकाणी सारखीच आहे. आधी विचारा. निदान एक सिगार दुकानातून घ्या आणि शक्यतो तोच आधी पेटवा. आणायचाच तर दुकानात मिळत नाही असा आणा, किंवा इथूनच घेऊन घरी दोन-तीन वर्षं मुरवलेला. जे त्यांच्या फळीवर आहे तेच स्वस्तात मागवून त्यांच्याच खुर्चीत बसून ओढू नका, आणि ते कितीला पडलं हे मोठ्याने तर मुळीच सांगू नका. जास्तीचा एक मालकाला द्या. काही दुकानं सरळ कटिंग फी घेतात, बाहेरच्या प्रत्येक सिगारमागे ठरावीक डॉलर. काही सभासदांना वार्षिक भाड्याने लॉकर देतात.

‘हे चांगल्या वागण्याचे नियम’ असं म्हणून सोडून देता येईल. पण संशोधकाने विचारायचा प्रश्न पुढचा: हा शिष्टाचार नेमका इथेच का घट्ट झाला? पबमध्ये ‘घरची बिअर आणू का’ असं कोणी विचारत नाही, तिथे तो विचारच होत नाही. सिगारचं तसं नाही. तो टिकतो, खिशात मावतो, घरी साठवता येतो आणि टपालाने येतो. सिगारेट टपालाने पाठवण्यावर २०१० पासून केंद्रीय कायद्याने जवळजवळ बंदी आहे, सिगार त्यातून वगळलेला आहे. केंद्राचा कर किमतीच्या ५२.७५ टक्के असला तरी एका सिगारला ४०.२६ सेंटच्या वर जात नाही, त्यामुळे महाग सिगारवर तो नगण्यच. खरा फरक पडतो तो राज्यांच्या करामुळे. पेनसिल्व्हेनिया आणि फ्लोरिडा मोठ्या सिगारवर तंबाखू कर लावतच नाहीत, शेजारचं न्यू जर्सी लावतं. टपालाने सिगार विकणाऱ्या बड्या कंपन्यांपैकी कितीतरी पेनसिल्व्हेनियात का आहेत, हे कळायला यानंतर फार डोकं लागत नाही. गावातल्या दुकानदाराला त्यांच्याशी किमतीत टक्कर देता येत नाही. त्याच्याकडे वेगळं काय उरतं? खुर्ची.

म्हणजे खुर्ची आणि वस्तू या दोन गोष्टी इथे सुट्या होऊ शकतात. माझी पदव्युत्तर पदवी विज्ञानाची असल्याने मला हे प्रयोगासारखं दिसतं. पबमध्ये पेय आणि बैठक नेहमी एकत्रच बदलतात, त्यामुळे कशाचा परिणाम किती हे सांगता येत नाही. सिगारच्या दुकानात बैठक तीच ठेवून खरेदी शून्यावर आणता येते. तसं केल्याबरोबर काय दिसतं? ‘कोणालाच यजमान व्हावं लागत नाही’ हे पहिलंच लक्षण पडतं. यजमान होता, पहिल्यापासून होता. आपण गल्ल्यावर पैसे दिल्यामुळे तो दिसत नव्हता, एवढंच.

ओल्डेनबर्ग यांच्या मांडणीवर माझा मुख्य आक्षेप हाच आहे. जागेचे गुण ते गिऱ्हाइकाच्या खुर्चीतून मोजतात. या जागा बहुतेक करून धंदे आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं असं मला म्हणायचं नाही, पुस्तकाच्या लांबलचक उपशीर्षकातच कॅफे, ब्यूटी पार्लर, जनरल स्टोअर आणि बार आहेत. पण त्या आठ लक्षणांत भाडं कोण भरतं याला जागा नाही. त्यामुळे अशी ठिकाणं बंद का पडतात या प्रश्नाचं उत्तर शहररचनेच्या आणि लोकांच्या सवयींच्या दिशेने जातं, वहीखात्याच्या दिशेने फारसं जात नाही.

वहीखातं किती खोलवर जातं बघा. इलिनॉय राज्यात १ जानेवारी २००८ पासून बंद जागेत धूम्रपानाला बंदी आहे. तंबाखूच्या दुकानाला सूट आहे, पण कायद्याच्या व्याख्येनुसार त्याचं ८० टक्क्यांहून जास्त उत्पन्न तंबाखू आणि त्याच्या साहित्याच्या विक्रीतून यायला हवं. न्यूयॉर्क शहरात जुन्या सिगार बारना जी सूट मिळाली तिची एक अट होती की उत्पन्नाचा १० टक्के किंवा जास्त भाग जागेवरच्या तंबाखू विक्रीतून आणि ह्युमिडॉरच्या भाड्यातून आलेला असावा. म्हणजे लॉकरचं भाडं थेट कायद्याच्या कलमात. सगळेच घरचे सिगार घेऊन येऊ लागले आणि दुकान कॉफी-सँडविच विकून तगायला लागलं, तर इलिनॉयमध्ये तिथे ओढायची परवानगीच धोक्यात येईल. शिष्टाचार कायद्यातून जन्मला असं मी म्हणत नाही. पण विकत घेतलेला सिगार नुसता दुकानदाराला नव्हे, त्या अख्ख्या बैठकीला आधार देतो, एवढं यावरून दिसतं.

दुसरा आक्षेप यादीच्या आतला आहे. ‘लहानमोठेपण दाराबाहेर’ आणि ‘नेहमीची मंडळी’ ही दोन लक्षणं एकमेकांना छेद देतात. दहा वर्षं इथेच खरेदी करणाऱ्याने घरचा सिगार काढला तर कोणी मान वर करून बघत नाही. नव्या माणसाने तेच केलं की त्याला सौम्य शब्दांत रीत सांगितली जाते. हुद्दा दाराबाहेर राहिला असेल, पण आत दुसरी उतरंड आहे आणि ती खर्चाने व वर्षांनी बनते.

आपल्याकडच्या खानावळीत ‘बाहेरचे पदार्थ आणू नयेत’ अशी पाटी असते आणि विषय संपतो. सिगारच्या दुकानात ती का नसते? पुष्कळ ठिकाणी खरंच नसते. मला वाटतं, पाटी लावली की ‘दुसरं घर’ ही भावना मोडते, आणि विकायला तर तीच ठेवलेली असते. म्हणून नियम न लिहिता, मंडळींच्या तोंडून चालवायचा.

आता कटिंग फी. इथे विद्यार्थी हमखास एक निबंध काढतात: उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्टिकिनी यांचा २००० सालचा ‘अ फाइन इज अ प्राइस’. हैफामधली १० पाळणाघरं, त्यांतल्या सहांमध्ये मुलाला उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावला. उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढला आणि दंड काढल्यावरही पूर्ववत झाला नाही. निष्कर्ष तयार: फी लावली की लाज जाते, म्हणून कटिंग फी वाईट. थांबा. फीमुळे लाज जाते हे इथेही खरं असू शकेल. पण पाळणाघरातला दंड लहान होता आणि बाईंचा थांबण्याचा वेळ भरून काढण्यासाठी तो ठरवलेला नव्हता. सिगारवाल्याने फी जर एका सिगारवरच्या नफ्याइतकी ठेवली, तर लाज गेल्याने त्याचं काय बिघडलं? उलट खुर्चीची किंमत पहिल्यांदा उघड झाली. यंत्रणा तीच, परिणाम उलटा. प्रयोगशाळेतलं उदाहरण घ्या. मध्यवर्ती उपकरण केंद्रात आपण सॅम्पलमागे फी भरतो आणि निवांत असतो. ओळखीच्या गटाच्या उपकरणावर फुकट सॅम्पल लावतो तेव्हा आपली ट्यूब, आपलं सॉल्व्हंट नेतो, वेळ पाळतो आणि पेपरात आभार मानतो. दोन्ही व्यवस्था चालतात. घोटाळा होतो तो आपण कुठल्या व्यवस्थेत बसलोय हे न कळल्यावर.

इतकं सगळं लिहून झाल्यावर माझ्याच हिशोबी स्पष्टीकरणाला एक चाचणी लावायला हवी, आणि ती सोपी आहे: क्यूबन सिगार. १९६२ च्या निर्बंधापासून अमेरिकेतलं दुकान तो विकूच शकत नाही. मधली काही वर्षं प्रवाशांना स्वतःपुरते आणता येत होते, २०२० मध्ये तेही बंद झालं. सगळा शिष्टाचार जर बुडालेल्या विक्रीचाच असता, तर क्यूबनचं सर्वांत जास्त स्वागत व्हायला हवं होतं, कारण तो आणल्याने दुकानाची विक्री बुडत नाही. तरी काही ठिकाणी तो आणू नका म्हणतात, आणि जिथे चालतो तिथेही त्याचा पट्टा मिरवत बसणं वाईट दिसतं. थोडी कायद्याची भीती असेल. पण समोरच्या माणसाच्या फळीवर डोमिनिकन, निकाराग्वन आणि होंडुरासचे सिगार मांडलेले असतात, त्याने ते निवडून आणलेले असतात, आणि तुम्ही त्याच्या खुर्चीत बसून ‘खरा माल’ काढता. इथे गल्ल्याचं नुकसान शून्य आहे आणि तरी काहीतरी दुखावतं. ते काय, हे आठ लक्षणांत नाही आणि कराच्या दरांतही नाही. कुणाला हा विषय प्रबंधाला घ्यायचा असेल तर मी सुरुवात इथून करेन: दुकानात बसून, कोणी कुणाला काय सांगितलं आणि कुणाला सांगितलं नाही, एवढंच महिनाभर वहीत टिपत.