उसनी नजर आणि मोडीचे अक्षर : फाइन ट्यूनिंगच्या वापराची चिकित्सा

प्रस्तावना

महाविद्यालयीन प्रकल्पांत अलीकडे एक साचा ठरून गेला आहे. आधीच प्रशिक्षित झालेले कन्व्होल्युशनल न्यूरल नेटवर्क घ्यायचे, त्याचा शेवटचा थर काढून आपल्या वर्गांचा थर बसवायचा, काही शे छायाचित्रे दाखवायची आणि अहवालाच्या शेवटी ९८ टक्के अचूकता नोंदवायची. या पद्धतीस फाइन ट्यूनिंग म्हणतात. पद्धत चांगली आहे. परंतु अहवालातील तो आकडा नेमके काय सांगतो, हा प्रश्न मार्गदर्शक अध्यापक क्वचितच विचारतात. प्रस्तुत लेखात मोडी लिपीच्या उदाहरणावरून या प्रश्नाचा विचार केला आहे.

वडोदऱ्याच्या संदर्भात हे उदाहरण दूरचे नाही. गायकवाडांचे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० साली हा भाग गुजरात राज्यात आला. संस्थानाच्या जुन्या कारभाराची फार मोठी दप्तरे मोडीत आहेत. मोडी वाचणारी पिढी मात्र सरत आली. अशा वेळी यंत्राकडून वाचनाची अपेक्षा ठेवणे स्वाभाविक आहे. म्हणूनच यंत्राविषयी केलेला दावा काटेकोर असला पाहिजे.

पद्धतीचे मूळ

२००९ साली इमेजनेट हा छायाचित्रसंग्रह विद्वानांसमोर आला. त्यावर आधारित स्पर्धेत १,००० वर्ग आणि सुमारे १२ लाख प्रशिक्षण-छायाचित्रे होती. २०१२ साली अॅलेक्सनेट या नेटवर्कने ही स्पर्धा मोठ्या फरकाने जिंकली. पुढे व्हीजीजी, रेसनेट इत्यादी रचना आल्या. अशा नेटवर्कचे पहिले थर कडा, वळणे, रंगांचे ठिपके ओळखतात. वरचे थर त्यांतून डोळा, चाक, पान असे अवयव जुळवतात. २०१४ साली योसिन्स्की व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की खालच्या थरांचे ज्ञान बऱ्याच कामांना उपयोगी पडते, तर वरच्या थरांचे ज्ञान मूळ कामाला चिकटलेले असते. फाइन ट्यूनिंगचा सारा आधार या निरीक्षणात आहे. खालचे थर गोठवावेत, नवा थर आधी शिकवावा, मग वरचे काही थर मोकळे करून अगदी लहान पावलांनी सुधारावेत. पावले मोठी टाकली तर उसने ज्ञान पुसले जाते आणि नवेही पुरते येत नाही.

पहिला आक्षेप : नजर कोणाची?

इमेजनेटच्या हजार वर्गांपैकी शंभराहून अधिक वर्ग कुत्र्यांच्या जातींचे आहेत. लिपी हा तेथील विषयच नाही. व्हीजीजी-१६ या नेटवर्कला २२४ गुणिले २२४ बिंदूंचे तीन रंगांतील चित्र लागते आणि त्यात सुमारे १३.८ कोटी भारांक असतात. मोडीचे सुटे अक्षर लहान व एकरंगी असते. त्यासाठी एवढे ओझे का उचलावे, याचे कारण अहवालात आले पाहिजे. २०१९ साली रघू व सहकाऱ्यांनी वैद्यकीय प्रतिमांवर केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की, शून्यापासून शिकवलेली लहान नेटवर्क्सही मोठ्या पूर्वप्रशिक्षित नेटवर्क्सच्या तोडीस तोड काम करतात. यावरून फाइन ट्यूनिंग निरुपयोगी ठरत नाही. तुलनेशिवाय तिचे श्रेय मात्र सांगता येत नाही. लकन यांनी १९९८ साली हस्तलिखित अंक ओळखण्यासाठी वापरलेल्या लहान रचनेसारखी एखादी रचना शेजारी ठेवून दोन्हींचे आकडे दिले, तरच वाचकाला निर्णय करता येईल.

याच उसन्या सवयीचे दुसरे रूप म्हणजे नमुने वाढवण्यासाठी चित्र आडवे उलटवणे. मांजर उलटवले तरी ते मांजरच राहते. अक्षर उलटवले की ते अक्षर राहत नाही. हे सांगायला संगणकतज्ज्ञ लागत नाही. तरी तयार आज्ञावली जशीच्या तशी वापरल्यामुळे ही चूक घडते.

दुसरा आक्षेप : परीक्षा कोणाची?

समजा, २० विद्यार्थ्यांनी तक्त्यावरून मोडी अक्षरे प्रत्येकी पाच वेळा लिहिली. सर्व नमुने एकत्र मिसळून त्यांतील एक पंचमांश चाचणीसाठी ठेवले. आता चाचणीतील जवळजवळ प्रत्येक अक्षराचे सख्खे भावंड प्रशिक्षणात आहे. यंत्राने अक्षर ओळखले की लिहिणाऱ्याचा हात ओळखला, हे या परीक्षेवरून कळत नाही. विभागणी नमुन्यांची न करता लेखकांची केली पाहिजे. जुन्या कागदांच्या बाबतीत ती दप्तराची किंवा वहीची करावी.

या दोषाची किंमत किती असते, याचे बोलके उदाहरण शेतीच्या क्षेत्रात आहे. २०१६ साली मोहंती, ह्यूजेस व सालाथे यांनी १४ पिकांच्या पानांची ५४,३०६ छायाचित्रे वापरून ३८ वर्गांचे वर्गीकरण केले. त्याच संग्रहातून राखून ठेवलेल्या छायाचित्रांवर अचूकता ९९.३५ टक्के आली. वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या छायाचित्रांवर तीच सुमारे ३१ टक्क्यांवर उतरली. लेखकांनी हा दुसरा आकडाही प्रांजळपणे छापला, हे त्यांचे मोठेपण. त्या लेखाचा आधार घेणाऱ्या पुष्कळांनी फक्त पहिला आकडा उचलला. पांढऱ्या कागदावर बॉलपेनने लिहिलेली मोडी आणि बोरूने लिहिलेली, शाई फुटलेली, घडीवर झिजलेली मोडी यांतील अंतर याहून कमी असेल असे मानण्यास आधार नाही.

तिसरा आक्षेप : अक्षर म्हणजे वाचन नव्हे

मोडीत आधी ओळभर शिरोरेखा ओढतात आणि हात फारसा न उचलता लिहीत जातात. शब्दांमध्ये जागा सुटत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नाही. स्वरचिन्ह जोडताना अक्षराचा आकारही बदलतो. सुट्या अक्षरांचे वर्गीकरण हा या कामाचा एक छोटा भाग झाला.

साधे गणित करून पाहावे. प्रत्येक अक्षरामागे अचूकता ९५ टक्के धरली आणि चुका एकमेकींवर अवलंबून नाहीत असे मानले, तर पाच अक्षरांचा शब्द संपूर्ण बरोबर येण्याची शक्यता सुमारे ७७ टक्के उरते. २०० अक्षरांच्या पत्रात सरासरी दहा चुका होतात. त्या कोठे होतात यावर सारे अवलंबून आहे.

मराठी कागदांत शुहूर सनाचे आकडे अरबी शब्दांत लिहिलेले असतात. ‘सलास मया व अलफ’ म्हणजे ११०३, अर्थात इ.स. १७०२-०३. ‘सलासीन मया व अलफ’ म्हणजे ११३०, अर्थात इ.स. १७२९-३०. शब्दाचे शेवटचे टोक निसटले तर सनदेची तारीख २७ वर्षांनी सरकते. महिन्यांची नावे हिजरी असतात. रबिलावल आणि रबिलाखर यांत दोन-तीन अक्षरांचाच फरक आहे. इनाम, वारसा किंवा वहिवाट यांच्या कागदात अशी चूक क्षुल्लक मानता येणार नाही.

येथे आपल्या संस्थांतील उर्दू, अरबी व फारसीच्या अध्यापकांचा थेट संबंध येतो. सनाचे शब्द आणि महिन्यांची नावे मोजकी आहेत. त्यांची यादी यंत्राला दिली तर अशक्य वाचने गाळता येतात आणि शंकास्पद वाचने माणसाकडे पाठवता येतात. संगणक विभागाला एकट्याने हे साधणार नाही.

उपलब्ध प्रयत्न

मोडीसाठी काहीच घडले नाही असे नव्हे. २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला स्थान मिळाले. २०२५ साली आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी मोडी कागदांची दोन हजारांहून अधिक छायाचित्रे देवनागरी लिप्यंतरासह सादर केली. सुट्या अक्षरावरून सबंध कागदाकडे वळणारी ही दिशा योग्य आहे. आकडा मात्र दप्तरांच्या मानाने फार लहान आहे, हे विसरू नये.

निष्कर्ष

फाइन ट्यूनिंग ही गरीब महाविद्यालयाची सोय आहे. थोडे नमुने, साधा संगणक आणि उसने ज्ञान यांवर काम सुरू करता येते, ही तिची खरी देणगी आहे. आक्षेप तिच्यावर नाही, तिच्या नावाने लिहिल्या जाणाऱ्या निष्कर्षांवर आहे. प्रकल्प स्वीकारताना अध्यापकांनी चार गोष्टी अवश्य पाहाव्यात : लहान नेटवर्कशी तुलना केली आहे काय, विभागणी लेखकवार वा दप्तरवार आहे काय, अंतिम चाचणी-संच एकदाच वापरला आहे काय, आणि चुकलेल्या अक्षरांची यादी जोडली आहे काय.

यांतील चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. ९८ टक्क्यांच्या आकड्यातून विद्यार्थी फारसे शिकत नाही. उरलेल्या दोन टक्क्यांतील अक्षरे मोडी जाणणाऱ्या वृद्धासमोर ठेवून ‘हे काय आहे?’ असे विचारले, की शिक्षण सुरू होते. असा वृद्ध वडोदऱ्यात आज भेटू शकतो. उद्या भेटेलच असे नाही.