निर्देश १८९ : मुक्त संशोधन आणि राष्ट्रीय सुरक्षा यांतील सीमारेषेची चिकित्सा

सार्वजनिक निधीतून झालेले संशोधन सर्वांना खुले असावे, आणि त्यातून राष्ट्राच्या सुरक्षेला धोका संभवत असेल तर ते रोखण्याचा अधिकार शासनाला असावा, ही दोन्ही विधाने आपापल्या जागी मान्य होण्यासारखी आहेत. वाद उद्भवतो तो यांतील सीमारेषा कोणी व केव्हा आखावी याविषयी. अमेरिकेने १९८५ मध्ये या प्रश्नाला दिलेल्या उत्तराची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

या उत्तरामागे शीतयुद्धाची पार्श्वभूमी आहे. ऑगस्ट १९८२ मध्ये सॅन दिएगो येथील प्रकाशीय अभियांत्रिकीच्या परिषदेतून सुमारे शंभर शोधनिबंध संरक्षण खात्याच्या आक्षेपामुळे ऐनवेळी मागे घेण्यात आले. त्याच वर्षी डेल कॉर्सन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने आपला अहवाल दिला. तंत्रज्ञान सोव्हिएत संघाकडे जात आहे हे तिने मान्य केले. मात्र त्यात विद्यापीठांतील मुक्त संशोधनाचा वाटा अल्प असल्याचे नोंदविले. पुढे २१ सप्टेंबर १९८५ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी राष्ट्रीय सुरक्षा निर्णय निर्देश १८९ जारी केला. मूलभूत संशोधनाची फलिते शक्य तितकी मुक्त राहावीत, आणि नियंत्रण अपरिहार्य असल्यास ते गोपनीयतेच्या रीतसर वर्गीकरणानेच करावे, हे त्याचे सार होय.

या निर्देशाचे खरे मोल असे की, तो जबाबदारी शासनावर टाकतो. काही गुप्त ठेवायचे असेल तर अधिकाऱ्याने तसा शिक्का मारावा व त्याचे उत्तरदायित्व स्वीकारावे. ‘गोपनीय नाही, पण संवेदनशील आहे’ अशा धूसर वर्गाला येथे तत्त्वतः थारा नाही. तथापि ‘प्रचलित कायद्यांतील तरतुदी वगळता’ असा अपवाद निर्देशातच आहे आणि निर्यात नियंत्रणाचे कायदे याच वाटेने आत येतात. नियंत्रित तंत्रज्ञानाची माहिती परदेशी नागरिकाला अमेरिकेतच दिली तरी ती कायद्याने निर्यात ठरू शकते. तेथील प्रयोगशाळांत काम करणारे आपले विद्यार्थीही यातून सुटत नाहीत. मूलभूत संशोधनाला या कायद्यांत सवलत आहे. परंतु प्रायोजकाने प्रकाशनापूर्वी संमतीची अट घातली की ती सवलत जाऊ शकते. म्हणजे समोरचे दार उघडे ठेवून मागील दाराला कडी लावण्याचाच हा प्रकार म्हणावा लागेल.

दुसरी उणीव अंमलबजावणीतील असून ती अधिक गंभीर आहे. वर्गीकरणाचा विचार अनुदान देण्यापूर्वी व्हावा, असे निर्देश स्पष्टपणे सांगतो. एच५एन१ विषाणूच्या प्रकरणात नेमके तेच झाले नाही. रॉटरडॅमचे रॉन फूशिए आणि विस्कॉन्सिन विद्यापीठाचे योशिहिरो कावाओका यांनी अमेरिकी सार्वजनिक निधीच्या साहाय्याने बर्ड फ्लूच्या विषाणूत असे बदल घडविले की, तो फेरेट या प्राण्यांमध्ये हवेतून पसरू लागला. फूशिए यांनी सप्टेंबर २०११ मध्ये माल्टा येथील परिषदेत आपले निष्कर्ष मांडले. त्यानंतर डिसेंबरमध्ये जैवसुरक्षेच्या राष्ट्रीय सल्लागार मंडळाने दोन्ही निबंधांतील पद्धतीचा तपशील गाळावा अशी शिफारस केली. गाळलेला भाग केवळ पात्र संशोधकांना पुरविण्याची व्यवहार्य यंत्रणा मात्र उभी राहू शकली नाही. मार्च २०१२ मध्ये मंडळाने आपले मत बदलले. सुधारित निबंधांपैकी कावाओका यांच्या निबंधाला एकमताने, तर फूशिए यांच्या निबंधाला १२ विरुद्ध ६ मतांनी अनुकूलता मिळाली. नेदरलँड्स सरकारने तर निबंध नियतकालिकाकडे धाडण्यासही निर्यात परवाना आवश्यक ठरविला. पैसा एका देशाचा व प्रयोगशाळा दुसऱ्या देशात असताना पहिल्या देशाचा शिक्का कितपत चालणार, याचा विचार १९८५ च्या मसुद्यात आढळत नाही.

प्रकाशनाच्या उंबरठ्यावर घेतलेला हा निर्णय मंडळाच्या दुबळेपणाचा द्योतक मानला जातो; प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. प्रयोग पूर्ण होऊन त्याची वार्ता पसरल्यावर कोणत्याही मंडळाच्या हाती फारसे काही उरत नाही. प्रश्न विचारायला हवा होता तो अनुदानाचा अर्ज मंजूर करणाऱ्यांना. मार्च २०१२ मध्ये अमेरिकी शासनाने जाहीर केलेल्या धोरणात अनुदान देणाऱ्या संस्थांनी आपल्या प्रकल्पांची तपासणी करावी असे ठरले खरे, परंतु ती १५ जंतू व विषद्रव्यांच्या यादीपुरतीच मर्यादित ठेवण्यात आली.