न ऐकू येणारा प्रश्न : ऑनलाइन अर्ज आणि स्क्रीन रीडर – एक चिकित्सा

प्रस्तावना

प्रवेश, परीक्षा, शिष्यवृत्ती, वसतिगृह अशा विद्यार्थिजीवनातील प्रत्येक टप्प्याची वाट आता ऑनलाइन अर्जातून जाते. कागदी अर्जाच्या काळात दृष्टिबाधित विद्यार्थ्याला दुसऱ्याच्या डोळ्यांवर आणि दुसऱ्याच्या हस्ताक्षरावर विसंबून राहण्यावाचून गत्यंतर नव्हते. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरमुळे हे परावलंबन संपेल, अशी अपेक्षा होती. २००६ साली ऑस्ट्रेलियात एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरचे काम सुरू झाले आणि पुढे महागडी आज्ञावली विकत घेण्याची अडचणही उरली नाही. असे असूनही आमच्या विभागातील एक विद्यार्थी, जो एनव्हीडीएच्या साहाय्याने संदर्भग्रंथ सहज ऐकतो, स्वतःचा शिष्यवृत्तीचा अर्ज मात्र सायबर कॅफेतील मुलाकडून भरून घेतो. जात, कौटुंबिक उत्पन्न, बँक खाते, पासवर्ड हे सारे एका अनोळखी व्यक्तीच्या स्वाधीन होते. या विसंगतीचे मूळ शोधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखक साहित्याचा अध्यापक आहे. त्यामुळे अर्जाकडे एक संहिता म्हणून पाहिले आहे.

चौकट आणि तिचे नाव

अर्जाच्या संहितेला दोन पातळ्या असतात. एक पडद्यावर दिसते, दुसरी तिच्यामागील संकेतांत असते. डोळस वाचक पहिली वाचतो, स्क्रीन रीडर दुसरी. पडद्यावर चौकटीच्या डावीकडे ‘वडिलांचे नाव’ असे शब्द असले, की पाहणारा त्यांचा संबंध शेजारच्या चौकटीशी आपोआप जोडतो. स्क्रीन रीडरला मात्र हा संबंध संकेतांत नोंदवून सांगावा लागतो. त्यासाठी ‘लेबल’ नावाचा घटक डिसेंबर १९९७ मधील एचटीएमएल ४.० या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. तो वापरला नाही, तर टॅब कळ दाबत पुढे जाणाऱ्या विद्यार्थ्याला ‘एडिट, ब्लँक’ एवढेच ऐकू येते. पुन्हा टॅब, पुन्हा ‘एडिट, ब्लँक’. लेखकाने पडदा बंद ठेवून आमच्याच विभागाचा नोंदणी अर्ज भरून पाहिला, तेव्हा सलग अकरा वेळा हेच शब्द कानी पडले. तो अर्ज तयार करणाऱ्या समितीत लेखकही होता, हे येथे नमूद करणे भाग आहे.

पर्याय निवडण्याच्या प्रश्नांत हा दोष अधिक घातक ठरतो. ‘आपण दिव्यांग आहात काय?’ या प्रश्नाखाली ‘होय’ आणि ‘नाही’ अशी दोन बटणे असतात. प्रश्न आणि बटणे यांना एका गटात बांधले नसेल, तर टॅबने पुढे जाणाऱ्याला ‘होय’ आणि ‘नाही’ हे पर्याय ऐकू येतात. प्रश्न ऐकू येत नाही. पुढील प्रश्न ‘यापूर्वी शिष्यवृत्ती घेतली आहे काय?’ असा असला, तर तेथेही पुन्हा ‘होय, नाही’. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३२ नुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. त्या जागेवरील दावा नेमक्या याच प्रश्नाच्या उत्तरावर उभा असतो आणि ज्याच्यासाठी तो प्रश्न विचारला आहे, त्यालाच तो ऐकू येत नाही.

चूक दाखवण्याची रीतही तपासण्यासारखी आहे. ‘लाल चौकटीतील माहिती अनिवार्य आहे’ ही सूचना केवळ रंगावर विसंबते. अर्ज सादर करताच पानाच्या माथ्यावर लाल अक्षरांत त्रुटी उमटते, परंतु विद्यार्थ्याचे स्थान तळाच्या बटणावरच राहते आणि स्क्रीन रीडर गप्प बसतो. अर्ज गेला की राहिला, हे त्याला कळत नाही. तो पुन्हा बटण दाबतो. त्रुटी कोणती हे शब्दांत सांगणे आणि प्रत्येक चौकटीस नाव असणे या दोन्ही गोष्टी वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत अगदी प्राथमिक स्तरावर मोडतात. केवळ माऊसने चालणारी जन्मतारखेची दिनदर्शिका, चित्रातील वाकडी अक्षरे ओळखण्याची सक्ती, मुदत संपताच पुसला जाणारा अर्ज हे दोष सर्वपरिचित आहेत.

मराठी अर्जांत आणखी एक अडचण आहे. युनिकोडपूर्व काळातील फाँटमध्ये टंकलेली सूचनापत्रे आजही अर्जांसोबत जोडली जातात. पडद्यावर ती मराठी दिसतात; आत मात्र रोमन अक्षरे व चिन्हे असतात आणि स्क्रीन रीडर तीच उच्चारतो. स्कॅन केलेल्या परिपत्रकात तर उच्चारण्याजोगे अक्षरच नसते.

कायदा आणि देखावा

२०१६ च्या अधिनियमाने सेवा पुरवणाऱ्या संस्थांना, नियम अधिसूचित झाल्यापासून दोन वर्षांत सुगम्यतेची पूर्तता करण्यास सांगितले होते. नियम २०१७ मध्ये आले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांतील नियम १५(१) अधिनियमाशी विसंगत ठरवला, कारण त्यात मानके केवळ शिफारशीच्या स्वरूपात उरली होती. ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सुविधांपर्यंतची पोहोच अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काशी जोडली गेली. त्या प्रकरणाचा विषय ग्राहक ओळख पडताळणी हा होता. म्हणजे तोही एक अर्जच.

प्रत्यक्षात काय आढळते? अनेक शासकीय संकेतस्थळांच्या माथ्यावर अक्षरे लहानमोठी करणारी बटणे असतात आणि स्क्रीन रीडरची नावे देणारे एक स्वतंत्र पान असते. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला त्याचे नाव ठाऊक असतेच. त्याला हवे असते ते चौकटीचे नाव. स्वयंचलित तपासणीचे प्रमाणपत्रही पुरेसे नाही. चौकटीस लेबल आहे की नाही हे यंत्र सांगते. ‘क्षेत्र १’ या लेबलातून काही बोध होतो का, हे त्याला सांगता येत नाही. सुगम्यतेचा लाभ सर्वांनाच होतो, असा युक्तिवाद काही अभ्यासक करतात. तो खरा असला तरी लेखकास फारसा रुचत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे ५० लाख व्यक्ती दृष्टिबाधित आहेत. त्यांचा हक्क सिद्ध करण्यास इतरांच्या सोयीचा आधार कशाला?

‘मदतनीस असतोच की’ हा आक्षेप आपल्या शिक्षकवृंदातूनच अधिक ऐकू येतो. परीक्षेतील लेखनिक नियमांनी बांधलेला असतो. सायबर कॅफेतील मुलावर असे कोणतेच बंधन नसते.

आमच्या विभागाचा अर्ज दुरुस्त करण्यास एका सहकाऱ्याची एक दुपार पुरली. चौकटींना नावे मिळाली, पर्यायांचे गट बांधले गेले, जन्मतारीख कळफलकाने लिहिता येऊ लागली. या वर्षी त्या विद्यार्थ्याने अर्ज स्वतः भरला, शुल्काच्या पानापर्यंत. ते पान बाहेरच्या यंत्रणेचे आहे. तेथे सहा अंकी ओटीपीसाठी सहा वेगळ्या, बिननावाच्या चौकटी आहेत. त्या भरण्यासाठी तो अजून मित्राला हाक मारतो.